पट्टे सोडल्यावर

११ फेब्रुवारी

चिंगे,

पाकीट फोडलंच आहेस तर एवढं एक वाक्य वाच आणि मग हवं तर फाडून टाक. त्या दिवशी तू म्हणालीस ते बरोबर होतं.

सोळा महिने झाले. तू आईला भेटायला आलीस आणि आई तुला खुर्चीला बांधलेली दिसली. पोटावरून एक रुंद पट्टा, मनगटांना दोन छोटे. तू वॉर्डच्या दारात उभी राहून सगळ्या स्टाफसमोर मला विचारलंस, "ताई, इथे माणसं ठेवतात की जनावरं?" मी वॉर्डची इन्चार्ज. मी आवाज चढवला नाही. ही सुरक्षेची पद्धत आहे, नातेवाइकांनी कामात अडथळा आणू नये, असं मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं आणि वॉचमनला बोलावलं. तो तुला फाटकापर्यंत दंडाला धरून घेऊन गेला. मी खिडकीतून बघत होते. बघत होते, हे तुला आज पहिल्यांदा सांगते आहे.

आता हे सगळं आत्ताच का, तर मी गेल्या आठवड्यात एका परिषदेला गेले होते. विसरण्याचा आजार झालेल्या म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्यांची परिषद. मला जायचं नव्हतं. संस्थेच्या कागदपत्रांत प्रशिक्षणाचा एक दाखला कमी पडत होता, म्हणून अध्यक्षांनी पाठवलं. पहिला दिवस सगळा तक्त्यांत गेला. गळ्यात बिल्ला, हातात पिशवी, पिशवीत न उठणारं पेन. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर अर्धं सभागृह पेंगत होतं, तेव्हा एक जुनी परिचारिका बोलायला उभी राहिली. पांढरे आखूड केस, पायात आमच्यासारखेच टाच झिजलेले बूट. तिने विचारलं, तुमच्यापैकी रोज कुणाला तरी बांधणारे किती? एकही हात वर झाला नाही. "मग मी चुकीच्या गावात उतरले म्हणायची," ती म्हणाली. लोक हसले.

मग तिने एक माणूस मागितला. मी गेले. तू मला ओळखतेस. नीट बांधलं तर काही त्रास होत नाही हे मला सिद्ध करायचं होतं. तिने मला खुर्चीत बसवलं, गाठ कशी मारायची हेही मलाच विचारलं, आणि बांधून झाल्यावर माझ्याकडे पाठ करून बोलत राहिली.

पाच मिनिटांनी नाक खाजायला लागलं. दहा मिनिटांनी पायाला मुंग्या आल्या. मी हळूच म्हटलं, झालं का? कुणी बघितलं नाही. जरा मोठ्याने म्हटलं. पुढच्या रांगेतले हसले, मीही हसले. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा कुणी हसलंही नाही, सगळे पडद्याकडे बघत होते. त्यानंतर मी बोलले नाही. हाक मारून काही होत नाही हे एकदा कळलं की माणूस हाक मारत नाही, चिंगे. मी खाली मान घालून बसले. वीस मिनिटं झाल्यावर ती वळली आणि सभागृहाला विचारलं, "आता यांच्या कागदावर काय लिहाल?"

पुढून कुणीतरी म्हणालं, "रुग्ण शांत."

वीस वर्षं मी हे दोन शब्द लिहीत आले. आईच्या कागदावर तर रोज.

मी पट्टे सोडणार आहे. सगळ्यांचे. उत्तराची वाट बघत नाही. रजिस्टरने पाठवते आहे, म्हणजे पोचलं एवढं कळेल.

तुझी
ताई

३ मार्च

चिंगे,

पोचपावती आली. तुझी सही अजून तशीच आहे, शेवटी झटका मारलेली. कागद फाटेल अशी. मी ती पावती ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.

वॉर्डात बावीस जण आहेत, त्यांतले नऊ बांधलेले असायचे. मागचं पत्र पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी मी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की आता बांधायचं नाही. कोण का उठतं ते शोधायचं, खाटा खाली उतरवायच्या, बाजूला गाद्या टाकायच्या, पायांत न घसरणारे मोजे. मी अर्धा तास बोलले. मध्येच लक्षात आलं की मी त्या परिचारिकेसारखे हात हलवते आहे.

सगळं ऐकून घेतल्यावर मोठ्या मावशी उठल्या. या आमच्या आयांमधल्या सगळ्यांत जुन्या. माझ्याही आधीपासूनच्या. म्हणाल्या, "बाई, त्या परिषदेतल्या लोकांना एकदा इथे बोलवा. सकाळी सात ते दोन, बावीस जणांची तोंडं, बावीस जणांची ढुंगणं आणि आम्ही तिघी. मग बोलू पट्ट्यांचं." बाकीच्या खाली बघून हसल्या. त्यांचं खोटं नव्हतं. पण मी इन्चार्ज होते. मी हुकूम काढला.

अध्यक्षांनी मार्चअखेरपर्यंत मुदत दिली. एक जरी पडलं तर पट्टे परत, आणि जबाबदारी तुमची, असं म्हणाले. मी लिहून दिलं.

पहिले चार दिवस नुसता गोंधळ. कुणी दुसऱ्याच्या खाटेवर जाऊन झोपे, कुणी औषधांच्या खोलीचं दार ठोठावे. मोठ्या मावशी माझ्याकडे बघत फरशी पुसत. पाचव्या दिवशी ड्रायव्हरकाकांचं कोडं सुटलं. हे पूर्वी बस चालवायचे. चार वर्षं आम्ही त्यांना बांधत होतो, कारण सकाळी चहा झाला की ते उठून दाराकडे पळायचे आणि अडवलं की मारायचे. मी त्यांच्या मुलाला फोन करून विचारलं, तर कळलं की त्यांची ड्यूटी सकाळची असे. मग आम्ही त्यांची खुर्ची समोरच्या मोठ्या खिडकीपाशी लावली आणि मागे सहा खुर्च्या दोन-दोनच्या रांगेत. काका बसले. मागे तीन आजीबाई बसल्या. काकांनी मान वळवून सगळे बसल्याची खात्री केली आणि दीड तास रस्त्याकडे बघत बसले. मधेच एका आजींनी विचारलं, अजून किती वेळ लागेल हो? काका म्हणाले, "पुढे गर्दी आहे."

मोठ्या मावशी कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. नंतर न सांगता त्यांनी मागे आणखी दोन खुर्च्या लावल्या.

आईला मी सगळ्यांत शेवटी सोडलं. खरं सांगते, भीती वाटत होती. दुसऱ्यांच्या आईवडिलांवर प्रयोग करताना मागेपुढे पाहिलं नाही, स्वतःच्या आईच्या वेळी दहा दिवस लावले. सोडल्यावर आई जागची हललीच नाही. पट्टा नाही हे तिला खरं वाटेना. मग दुपारी दोन वाजता उठली आणि भिंतीला धरून दाराकडे चालायला लागली. मी विचारलं, कुठे निघालीस? म्हणाली, पोरी शाळेतून येतील, कुलूप मीच लावलंय.

आपण दोघी पायरीवर दप्तरं टाकून बसायचो ते आठवतं? ती रोज दोन वाजता आपल्यासाठी उठत होती. आणि मी रोज दोन वाजता ती जास्तच अस्वस्थ होते म्हणून पट्टा एक घर घट्ट करत होते.

आता मी रोज तिला धरून दारापर्यंत नेते. दार उघडते. ती बाहेर बघते, आल्या बाई एकदाच्या, म्हणते, आणि परत येते. तुला बरं वाटेल म्हणून लिहिलं.

ताई

१९ मार्च

चिंगे,

दुसरी पावतीही आली. पत्र वाचतेस की नाही ते पावतीवरून कळत नाही, पण तू परत पाठवत नाहीस.

आज जास्त लिहीत नाही. वॉर्डात एक पेशंट पडला. सात नंबरची खाट. दुपारी दोन ते सव्वादोन आमच्याकडे पाळी बदलते, जुन्या पाळीच्या नव्या पाळीला चार्ज देतात, सगळ्या ऑफिसात असतात. तेवढ्यात. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. लगेच हाडांच्या रुग्णालयात हलवलं.

अध्यक्ष तासाभरात आले. त्यांच्या हातात मी लिहून दिलेला कागद होता. आवाज चढवला नाही. नातेवाइकांना कळवलं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, एकाला कळलंय, दुसऱ्याला कळवते. माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं आणि गेले.

येत्या सोमवारपासून पट्टे परत लावायचे असा हुकूम निघाला आहे. चौकशी होईपर्यंत मला सक्तीची रजा.

त्या परिचारिकेने परिषदेत सांगितलं होतं की सुरुवातीला कुणीतरी पडतं आणि तिथेच बहुतेक जण मागे फिरतात. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघ मारून. कुणीतरी पडतं. लिहून घेताना ते कुणीतरी दुसरंच असतं.

पुढचं नंतर लिहिते.

ताई

२२ मार्च

चिंगे,

सात नंबर म्हणजे आई.

तीन दिवस मी हे वाक्य लिहायला बसते आहे. मागचं पत्र रजिस्टरला देऊन बाहेर आले आणि परत टपालाच्या खिडकीपाशी गेले, ते परत मिळेल का विचारलं. वाटलं होतं, आधी ऑपरेशन होऊ दे, बरं झालं तर बऱ्याचीच बातमी कळवू. काल ऑपरेशन झालं. खुब्यात सळई घातली आहे. शुद्धीवर आली. मला ओळखत नाही, पण ती आधीही रोजच ओळखत होती असं नाही.

आता कशी पडली ते. हे अध्यक्षांना सांगितलं नाही, चौकशीच्या कागदावर लिहिलं नाही, मोठ्या मावशींना माहीत आहे पण त्या बोलल्या नाहीत.

मी ऑफिसात नव्हते. मी वॉर्डातच होते. त्या दिवशी दुसऱ्या एका संस्थेतून दोन परिचारिका आमचं काम बघायला आल्या होत्या. परिषदेत ओळख झाली होती, मीच आग्रह करून बोलावलं होतं. ड्रायव्हरकाकांची बस दाखवली, खाली उतरवलेल्या खाटा दाखवल्या. त्या वहीत लिहून घेत होत्या. घड्याळात दोन वाजले आणि आई उठली.

रोज मी तिला धरते. त्या दिवशी धरलं नाही. मी त्या दोघींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं आणि म्हटलं, "आता बघा. ही माझी आई आहे. महिन्यापूर्वी ही बांधलेली असायची."

मला त्यांना ती एकटी चालताना दाखवायची होती.

ती सहा पावलं चालली. भिंत संपून दाराची चौकट सुरू होते तिथे हात रिकामा गेला. मी तिच्यापासून चार हातांवर होते. वीस वर्षांच्या नोकरीत मी पडणारी माणसं धावत जाऊन झेलली आहेत, आणि स्वतःच्या आईला पडताना उभी राहून पाहिलं, कारण शेवटच्या क्षणापर्यंत माझ्या चेहऱ्यावर ते कौतुकाचं हसू होतं. पडल्यावर ती ओरडली नाही. दाराकडे हात करून म्हणाली, उघडा कुणीतरी, उन्हात उभ्या असतील.

चिंगे, पट्टा सोडल्यामुळे आई पडली नाही. पट्टा काढला आणि त्या जागी माणूस ठेवला नाही, म्हणून पडली. तो माणूस मी होते. पण हे मी कुणाला सांगू? सांगितलं तरी लोक एवढंच ऐकतील की सोडलं आणि पडली.

तू मला शिव्या दे. पत्रात दे, फोनवर दे. पावतीवर नुसती सही करू नकोस.

ताई

२७ मार्च

चिंगे,

सही आली. बरं.

मी आज जे लिहिते आहे ते वाचून तू कदाचित यापुढची पत्रं घेणारच नाहीस. तरी लिहिते, कारण मागच्या वेळी लपवून काय मिळालं ते पाहिलं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी आईने हातातली सलाईनची सुई उपसून काढली. चादर रक्ताने भरली. पुन्हा लावली, पुन्हा काढली. मग लघवीच्या नळीला हात घातला. मग जखमेवरच्या पट्टीला. तिथले डॉक्टर तरुण आहेत, वाईट नाहीत. म्हणाले, हात बांधावे लागतील, जखम उघडली तर परत टेबलवर घ्यावं लागेल आणि या वयात ते झेपणार नाही. संमतीचा कागद पुढे केला. मी सही केली.

तिथली नर्स नवी होती. तिची गाठ सैल पडत होती, आई हात सोडवून घेत होती. तिने दोनदा बांधलं, दोनदा सुटलं. मी म्हटलं, थांबा. आणि मी बांधलं. माझी गाठ सुटत नाही.

आईने दोन-तीनदा ओढून बघितलं. मग माझ्याकडे बघून अगदी अदबीने विचारलं, "बाई, मी काही केलं का?"

मी गाठ तपासत राहिले, ती विचारत राहिली. थोड्या वेळाने तिने विचारणं सोडलं. मान एका बाजूला टाकून पडून राहिली. कशी ते मला माहीत आहे. मी वीस मिनिटं तशी बसले आहे.

मी खाली उतरून रुग्णालयाच्या मागच्या पार्किंगमध्ये गेले. तिथे गाड्यांच्या मधे उभी राहून किती वेळ रडले माहीत नाही. गाडी काढायला आलेल्या एका गृहस्थांनी थांबून पाणी दिलं आणि विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही. त्यांना ते खरं वाटलं नसावं.

काल मोठ्या मावशी भेटायला आल्या. त्यांनी सांगितलेलं ऐक. अध्यक्षांनी वॉर्डात येऊन पट्ट्यांची पेटी उघडायला लावली आणि ड्रायव्हरकाकांपासून सुरुवात करा म्हणाले. काका खिडकीपाशी होते, मागे बस भरलेली होती. मोठ्या मावशींनी पट्टा उचलला आणि अध्यक्षांच्या हातात दिला. म्हणाल्या, "साहेब, चार वर्षं मी यांना बांधलं. चार वर्षं रोज यांचा मार खाल्ला. आता महिना झाला, एकदाही हात उगारला नाही त्यांनी. बांधायचं असेल तर तुम्ही बांधा. मी लावणार नाही."

माझ्याविरुद्ध सगळ्यात आधी उठलेली बाई ही. मी त्यांना म्हटलं, तुमची नोकरी जाईल. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. गुडघे तसेही गेलेत." मग इकडे तिकडे बघत म्हणाल्या, बाई, तुमचं सांगणं खरं होतं, पण तुम्हाला घाई फार. आम्हाला विचारलं असतंत तर दोन वाजता कुणाला दाराशी उभं ठेवायचं ते आम्ही सांगितलं असतं.

वीस वर्षांत त्यांना मी कधी काही विचारलं नाही, चिंगे. परिषदेहून आल्यावर तर नाहीच. मी सांगायला आले होते.

अध्यक्षांनी शेवटी मधला मार्ग काढला. आई सोडून उरलेल्या आठांतले पाच जण मोकळे राहतील. तिघांना बांधतील. ते तिघे मला डोळ्यांपुढे दिसतात.

आता तुझ्याकडे मागायचं ते मागते. डॉक्टरांना मी विचारलं, हात मोकळे ठेवायला काय लागेल? ते म्हणाले, शेजारी सतत एक माणूस, जो तिचा हात धरून बसेल आणि नळीकडे गेला की हळूच बाजूला घेईल. रुग्णालयाकडे असं माणूस नाही. पैसे देऊन आणलेली बाई एक दिवस बसली आणि मोबाईल बघत राहिली, आईने सुई काढली. रात्री नऊला औषध दिलं की ती सकाळपर्यंत झोपते, तो प्रश्न नाही. सकाळी पाच ते दुपारी एक मी बसते. एकनंतर मी बसून बघितलं, तीन दिवस. काल चार वाजता मला बसल्या जागी डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा आईच्या हातात नळी होती. नर्सने आईचे हात बांधले आणि मला घरी जा म्हणाली.

म्हणजे आता रोज एक ते नऊ आई बांधलेली असणार. आज आहे. मी हे लिहिते आहे तेव्हाही आहे.

तुझ्याशिवाय मला कुणी नाही. हे मी असं कधी म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणते आहे ते गरज पडली म्हणून म्हणते आहे, हेही तू ओळखशील. ओळख. माझ्याशी बोलू नकोस. माझं तोंड बघू नकोस. मी एकला पाच मिनिटं कमी असताना उठून निघून जाईन, तू आलीस की मी त्या मजल्यावर असणार नाही. मला क्षमा मागायला तोंड नाही आणि मागायला वेळही नाही. मला एक ते नऊ माणूस हवं आहे. तिच्या उजव्या हाताशी.

तिसरा मजला, बायकांचा वॉर्ड, जिन्यासमोरून डावीकडे, खिडकीशेजारची खाट.

ताई

५ एप्रिल, पावणेएक

चिंगे,

हे टपालाने नाही, आईच्या उशाशी औषधाच्या डब्याखाली ठेवून जाते आहे. कालही ठेवणार होते, पण तू वेळेआधी आलीस आणि मला उठून जावं लागलं.

तू आलीस त्या दिवशी मी जिन्यात उभी होते, खोटं बोलत नाही. तू पिशवी खाली ठेवलीस, स्टुलावर बसलीस आणि मी निघताना मारलेली गाठ सोडवायला लागलीस. सुटेना. तू नर्सला बोलावलं नाहीस. नखांनी सोडवलीस, दोन्ही. मग आईचं मनगट मांडीवर घेऊन चोळत बसलीस. त्यानंतर मी खाली गेले. पाच दिवसांत आईचे हात एकदाही बांधलेले नाहीत. डॉक्टरांनी आज फायलीत तसं लिहिलं. माझ्याकडे बघून म्हणाले, असं होऊ शकतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता चार्ज. सकाळी अर्धी वाटी पातळ जेवण गेलं, पाणी तीन वेळा. सलाईन आज काढली, म्हणून हात जरा कमी धरला तरी चालेल. पण तिला धरलेला आवडतो, तेव्हा धर. जखम कोरडी आहे. ताप नाही. दुपारचं औषध साडेचारला, गोळी चुरून. ती डॉक्टरांना मास्तर म्हणते, हो म्हणायचं.

काल चौकशी झाली. मी सगळं सांगितलं, पाहुण्यांना दाखवायला आईला एकटीला चालू दिलं तेही. इन्चार्जपद गेलं. साधी परिचारिका म्हणून त्याच वॉर्डात ठेवणार आहेत, मोठ्या मावशींनी आणि इतरांनी लिहून दिलं म्हणे. त्या तिघांचे पट्टे अजून आहेत. मी परत गेले की एकेकाचं बघेन. या वेळी विचारून.

एक गोष्ट सांगायची राहिली. सकाळी आईची वेणी घालत होते. तिने एकदम विचारलं, दुपारी येते ती बाई आणि तू, भांडलात का? मी म्हटलं, हो. तुला कसं कळलं? म्हणाली, ती आली की तू जातेस. मग म्हणाली, "चूक कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

"मग तिला सांग की. मला काय सांगतेस?"

म्हणून सांगते आहे. चूक माझी होती. बांधलं तेव्हाही, वॉचमनला बोलावलं तेव्हाही, सोडलं तेव्हाही.

आणि आजपासून तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं आहे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. डावा पाय अजिबात आत वळता कामा नये. एकीने पाय धरायचा, एकीने पाठ. एकटीने करू नकोस, जमत नाही. आज मी घरी गेलेली नाही. बाहेर बाकावर आहे. तीन वाजता हाक मार.

ताई